रुग्णाचा प्रश्न आणि वैद्यकीय ग्रंथपाल

रुग्णालयातल्या ग्रंथालयात येऊन कुणी "थायरॉइडवर काही वाचायला आहे का?" असं विचारलं, की कपाटातून थायरॉइडचं चाळीस पानी पुस्तक काढून देणं अगदी सोपं असतं. त्याचा उपयोग मात्र फारसा होत नाही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा त्या चाळीस पानांतली एखादीच ओळ हवी असते: गोळी नाश्त्याच्या किती आधी घ्यायची, कॅल्शियमची गोळी सोबत चालेल का, दिवस राहिले तर डोस बदलतो का. ती ओळ कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. पुष्कळदा आपल्याला नेमकं काय विचारायचंय हेही त्याला सांगता येत नाही. तो प्रश्न त्याच्याकडून नीट समजून घ्यायचा आणि उत्तर त्याला वापरता येईल अशा रूपात द्यायचं, हे वैद्यकीय ग्रंथपालाचं खरं काम आहे. पुस्तकं सांभाळणं त्यानंतर येतं.

आरोग्यसाक्षरता म्हणजे आरोग्याची माहिती शोधता येणं, ती कळणं आणि तिच्या आधारे स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी निर्णय घेता येणं. अमेरिकेच्या 'हेल्दी पीपल २०३०' या कार्यक्रमाने २०२० मध्ये ही व्याख्या दोन भागांत मांडली: एक माणसाची आरोग्यसाक्षरता, दुसरी संस्थेची. माहिती समजेल अशी देणं ही संस्थेचीही जबाबदारी आहे, असं त्यामुळे स्पष्टपणे नोंदलं गेलं. आम्हा ग्रंथपालांना हा बदल फार मोलाचा वाटतो. "पेशंटला कळत नाही" एवढं म्हणून विषय संपवायची सवय सगळीकडे आहे. खरं तर न कळण्याची निम्मी कारणं आपण त्याच्या हातात ठेवलेल्या कागदातच असतात.

अडचण कुणाला आहे हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. अमेरिकेत २००३ साली प्रौढांची राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात आरोग्यविषयक मजकूर सराईतपणे वापरू शकणारे फक्त १२ टक्के निघाले, तर ३६ टक्के लोक प्राथमिक किंवा त्याहून खालच्या पातळीवर होते. वाचता येत नाही हे कुणी तोंडाने सांगत नाही. "चष्मा घरी राहिला", "घरी जाऊन निवांत वाचतो", "मुलगा बघेल ते" अशी वाक्यं येतात, फॉर्म अर्धवट भरलेला असतो, गोळी नावाने न ओळखता पाकीट उघडून रंगाने ओळखली जाते. दुसरीकडे उत्तम शिकलेला माणूस नुकतंच कॅन्सरचं निदान ऐकून आला असेल, तर त्या दिवशी त्याच्याही डोक्यात काही शिरत नाही. म्हणून कुणाची परीक्षा घेत बसू नये, समोर कुणीही असलं तरी सोपंच बोलावं. सोपं सांगितल्याचा राग शिकलेल्या माणसालाही येत नाही.

आधी ऐकायचं

ग्रंथालयशास्त्रात या संभाषणाला संदर्भ-मुलाखत म्हणतात. पहिली पाच-सात मिनिटं संगणकाला हात लावू नये. माणसाला बाजूच्या खुर्चीवर, इतरांना ऐकू जाणार नाही अशा जागी बसवावं आणि मोकळा प्रश्न विचारावा: "काय काय जाणून घ्यायचंय?" मग हळूहळू पुढचे. माहिती कुणासाठी आहे, त्या व्यक्तीचं वय किती? डॉक्टरांनी कोणता शब्द वापरला, तो लिहिलेला कागद आहे का? आतापर्यंत काय वाचलंत, त्यातलं काय खटकलं? वाचायला बरं पडेल की ऐकायला, बघायला? कोणत्या भाषेत? डॉक्टरांकडे परत कधी जायचंय?

"हे कशाला हवंय?" असं मात्र कधीच विचारू नये. माणूस लगेच आखडतो. त्याऐवजी "ही माहिती मिळाल्यावर तुम्हाला काय ठरवायचंय?" असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. गुडघ्याच्या ऑपरेशनवर माहिती मागणाऱ्या बाईंना ऑपरेशन कसं करतात हे नको असतं. ऑपरेशन सहा महिने लांबवलं तर काय बिघडेल, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं पूर्ण वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

कागद बघायचा आग्रह धरावा, कारण ऐकीव नावांत घोळ होतो. हायपोथायरॉइडिझम आणि हायपरथायरॉइडिझम ऐकायला सारखेच वाटतात. पहिल्यात संप्रेरक कमी पडतं, दुसऱ्यात जास्त होतं, आणि उपचार नेमके उलटे. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होणं, ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांधे झिजणं. औषधांत हा धोका आणखी वाढतो. मेटफॉर्मिन मधुमेहाचं, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाचं. हायड्रॅलझीन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझीन ॲलर्जीचं. कॅन्सरच्या रुग्णांत 'स्टेज' आणि 'ग्रेड' यांची अदलाबदल नेहमीची आहे: आजार शरीरात किती पसरलाय ते स्टेज सांगते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते ग्रेड सांगते. "मला तिसरी आहे" या वाक्यातली तिसरी कोणती, हे न विचारता काढून दिलेली माहिती माणसाला विनाकारण घाबरवू शकते किंवा खोटा दिलासा देऊ शकते. म्हणून नाव अक्षरशः उतरवून घ्यायचं, त्यालाच परत वाचून दाखवायचं आणि मगच शोध सुरू करायचा.

या संभाषणात कुणी बोलता बोलता छातीत दाबल्यासारखं होतंय, तोंड वाकडं झालंय, हातात जोर नाही असं म्हणालं, तर शोध तिथेच थांबवावा. अशा वेळी त्याला माहिती नको, तातडीने डॉक्टर हवा. हा नियम टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावा.

शोध कुठे घ्यायचा

रुग्णासाठीचा शोध आणि डॉक्टरसाठीचा शोध वेगळा. डॉक्टरांसाठी ग्रंथपाल पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत शिरतो आणि मेश या विषयशब्दांच्या यादीतून योग्य शब्द निवडतो. 'हार्ट ॲटॅक' म्हटलं तरी तिथे नोंद 'मायोकार्डिअल इन्फार्क्शन' या नावाखाली असते. रुग्णासाठी सुरुवात मेडलाइनप्लसपासून करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९८ साली सुरू केलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि आजार, औषधं, प्रयोगशाळेतल्या चाचण्या यांची वेगवेगळी पानं आहेत. मूळ मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये असला तरी इतर अनेक भाषांतल्या पत्रकांचे दुवे तिथे एकत्र मिळतात. कॅन्सरसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पीडीक्यू हा संग्रह फार उपयोगी आहे, कारण त्यात बहुतेक उपचारविषयांचे दोन पाठ असतात, एक रुग्णासाठी आणि एक तज्ज्ञांसाठी. रुग्णाचा पाठ आधी द्यावा. वाचून झाल्यावर त्याने अधिक मागितलं तर दुसराही द्यावा, हात आखडता घेऊ नये. दोन उपचारांतला कोणता बरा असा प्रश्न असेल, तर कोक्रेन या संस्थेच्या (ती एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते) आढाव्यांसोबत येणारा साध्या भाषेतला सारांश बघावा.

माणूस स्वतः शोधून आणलेलं काहीतरी घेऊन येतो, तेव्हा ते झिडकारू नये. त्याच्यासमोरच ते तपासावं, म्हणजे तपासणी कशी करतात हे त्यालाही कळतं. कुणी लिहिलंय, कधी, पैसा कुणाचा, पानावरच काही विकायला ठेवलंय का, हे बघायचं. यातलं बरंचसं त्या पानावरून कळतच नाही. म्हणून पान सोडून बाहेर जावं, दुसऱ्या खिडकीत त्या संस्थेचं नाव टाकावं आणि इतर लोक तिच्याविषयी काय म्हणतात ते वाचावं. 'आमच्याविषयी' या पानावर प्रत्येक जण स्वतःला चांगलंच म्हणतो. विश्वासार्हतेच्या शिक्क्यांवरही विसंबू नये. हॉनकोड हा आरोग्य संकेतस्थळांना मिळणारा शिक्का अनेक वर्षं भरवशाचा मानला जायचा, पण २०२२ च्या अखेरीस ते प्रमाणन बंद झालं. जुन्या पानांवर तो अजून दिसू शकतो, आणि दिसला तरी त्यामागे आता कुणी तपासणारं नाही.

उपचारांविषयीचा मजकूर जोखायला डिसर्न ही १९९९ सालची प्रश्नावली आहे. त्यात १६ प्रश्न आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. पूर्ण प्रश्नावली भरायला वेळ नसेल तर त्यातला एक तरी प्रश्न विचारावाच: काहीच उपचार घेतला नाही तर काय होईल, हे यात लिहिलंय का? विकणाऱ्याच्या मजकुरात हे जवळजवळ कधीच नसतं.

संशोधनाची बातमी असेल तर प्रयोग उंदरांवर झालाय की माणसांवर, किती जणांवर झालाय, इतर तज्ज्ञांनी तपासून छापलाय की नुसताच ऑनलाइन चढवलाय, हे बघावं. मागे घेतलेले निबंधही फिरत राहतात. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध १९९८ सालचा, तो २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि तरीही त्याचा हवाला आजही दिला जातो. पबमेडमध्ये अशा नोंदीवर 'मागे घेतला' अशी ठळक पट्टी असते. ती रुग्णाला प्रत्यक्ष दाखवावी. अलीकडे चॅटबॉटने दिलेले संदर्भही लोक घेऊन येतात. त्यांतले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात: नियतकालिक खरं, लेखकाचं नाव खरं, निबंध मात्र कधी लिहिलेलाच नाही. शीर्षक जसंच्या तसं पबमेडमध्ये टाकून बघावं, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो उघडून बघावा. क्रमांक भलत्याच निबंधावर जात असेल तर तो संदर्भ सोडून द्यावा आणि त्यावर टेकलेलं विधान नव्याने शोधावं.

आकडे

खरी भीती आणि खोटी आशा या दोन्ही आकड्यांतून येतात. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे.

"धोका दुप्पट" हे शब्द आधी पकडावेत. ब्रिटनमध्ये १९९५ साली असा इशारा दिला गेला की, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. आकडा खोटा नव्हता. ७,००० बायकांमागे १ होता तो २ झाला होता, म्हणजे ७,००० मध्ये एकीची वाढ. लोकांपर्यंत पोचलं ते 'दुप्पट'. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज मांडला गेला. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे या गडबडीत मागेच पडलं. म्हणून टक्केवारी दिसली की कागदावर दोन ओळी लिहाव्यात: औषध न घेणाऱ्या इतक्या लोकांमध्ये इतके, घेणाऱ्या तितक्याच लोकांमध्ये इतके. दोन्ही ओळींत एकूण लोकांचा आकडा एकच ठेवावा. '२० मध्ये १' आणि '१०० मध्ये ४' शेजारी ठेवले तर अनेकांना ४ मोठा वाटतो.

दुसरं, चाळणी चाचणीचा (लक्षणं नसतानाच आजार शोधायला केलेल्या चाचणीचा) 'पॉझिटिव्ह'. समजा १,००० लोकांत १० जणांना आजार आहे. चाचणी त्यांतल्या ९ जणांना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८९ जणांना, ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते. आता एकूण पॉझिटिव्ह ९८, आणि त्यांत खरे आजारी ९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर अकरा जणांत साधारण एकालाच आजार. असा हिशेब माणसांच्या संख्येत मांडला की तो पटकन कळतो, टक्क्यांत मांडला तर मुरलेले लोकही चुकतात. शंभर ठिपक्यांचा चौकोन छापून त्यात रंग भरून दाखवणं हा याचाच सोपा प्रकार आहे. काय मोजतोय ते आधी ठरवावं आणि तेवढेच ठिपके रंगवावेत. एकाच चौकोनात तीन रंग आले की वाचणारा गोंधळतो.

तिसरं, रक्ताच्या रिपोर्टवरची चांदणी किंवा ठळक आकडा. रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून छापलेली संदर्भ-मर्यादा सहसा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरवतात. म्हणजे निरोगी माणसाचीही एखादी चाचणी त्या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ५ टक्के असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या तर किमान एक तरी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. हे सामान्य ज्ञान ग्रंथपाल जरूर सांगू शकतो. "तुमचा हा आकडा काळजीचा नाही" असं मात्र त्याने म्हणू नये. ते डॉक्टरांचं काम. एककंही बघावीत. साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७ मिलिमोल प्रति लिटर ही एकच गोष्ट आहे (पहिल्या आकड्याला १८ ने भागायचं). परदेशी संकेतस्थळावरचा ७ बघून आपली साखर अठरापट झाली असं वाटू शकतं.

आयुर्मानाचे आकडे उघडण्याआधी विचारावं: "यात किती लोक किती वर्षं जगले ते दिलंय. ते आत्ता वाचायचंय, की तो भाग बाजूला ठेवू?" निवड त्यांची. वाचायचं म्हणाले तर सोबत दोन गोष्टी सांगाव्यात. मध्यक ८ महिने याचा अर्थ निम्मे लोक ८ महिन्यांहून अधिक जगले, आणि त्यांतले काही कितीतरी अधिक. शिवाय पाच वर्षांच्या जगण्याचा आकडा काढायला निदान पाच वर्षांपूर्वी निदान झालेले लोक लागतात, त्यामुळे त्यानंतर आलेल्या उपचारांचा परिणाम त्यात नसतो.

हातात द्यायचा कागद

एका कागदावर एकच विषय. पहिल्या चार ओळींत काय करायचं ते, कारणं नंतर. आजाराचा इतिहास, शरीररचना, रोगाचे प्रकार यांनी सुरू होणारी पत्रकं आम्ही बाजूला काढतो, कारण ती बरीचशी अर्ध्यावर सोडली जातात आणि कामाची ओळ नेमकी शेवटी असते.

सूचना वाचता येणं आणि ती पाळता येणं यांत किती अंतर आहे, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नीट दिसलं. दोन गोळ्या दिवसातून दोनदा तोंडाने घ्या, अशा अर्थाची सूचना होती. साक्षरता कमी असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. पण दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर बरोबर दाखवू शकले ते सुमारे ३५ टक्के. म्हणून 'दिवसातून दोनदा' लिहूच नये. 'सकाळी २ गोळ्या, रात्री २ गोळ्या' असं लिहावं. 'उपाशीपोटी' याचाही प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. थायरॉइडच्या लिव्होथायरॉक्सिन गोळीसाठी लिहायचं असेल तर: सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नका, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी घ्या. पातळ औषधाला 'चमचा' हे माप कधीच नको. टीस्पून ५ मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ चा, घरातला चमचा कितीचाही, आणि लहान मुलाला तिप्पट डोस जायला एवढं पुरतं. मिलिलिटरमध्ये लिहावं आणि खुणा असलेल्या सिरिंजचं चित्र काढून पातळी रंगवावी.

चित्रंही दगा देतात. ब्राझीलमध्ये थॅलिडोमाइड या, गर्भात व्यंग निर्माण करू शकणाऱ्या औषधाच्या पाकिटावर गर्भवती स्त्रीच्या चित्रावर फुली होती. गरोदरपणी घेऊ नका, असं सांगायचं होतं. काही बायकांनी ती गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी समजली. चित्राशेजारी छोटं वाक्य हवंच, आणि चित्र पक्कं करण्याआधी त्याचा अर्थ चार अनोळखी लोकांना विचारायलाच हवा.

इंग्रजी मजकूर किती अवघड आहे हे मोजायला स्मॉग नावाचं १९६९ सालचं सूत्र वापरतात. मजकुराच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची प्रत्येकी १० वाक्यं घ्यायची, त्या ३० वाक्यांत तीन किंवा अधिक उच्चारखंडांचे (सिलेबल्सचे) शब्द मोजायचे, त्या संख्येचं जवळचं वर्गमूळ काढून ३ मिळवायचे. उत्तर साधारण शाळेची इयत्ता सांगतं. हे सूत्र मराठीला लावू नये. आपल्याकडे प्रत्यय लागून साधे शब्दही लांब होतात, आणि 'स्टेंट' हा अवघड शब्द या मोजणीत सोपा ठरतो. आमच्या मते मराठीसाठी खात्रीची कसोटी एकच आहे: पाच-सहा जणांना कागद द्यावा आणि काम सांगावं. "आज रात्री कोणती गोळी घ्याल, दाखवा." "ताप किती झाला तर फोन कराल?" दोघं अडखळले तरी ती ओळ बदलावी. छपाईत अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, आणि देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असल्याने ओळींत दीडपट अंतर ठेवावं, नाहीतर वयस्कर डोळ्यांना ओळ सापडत नाही.

मजकूर जोखायला पेमॅट हे अमेरिकेच्या एएचआरक्यू या संस्थेचं साधनही चांगलं आहे. त्यात समजण्याचे गुण वेगळे आणि कृती करता येण्याचे गुण वेगळे मिळतात. पहिले भरपूर आणि दुसरे कमी, असा कागद वाचायला छान आणि घरी बिनकामाचा.

समजलं का, हे कसं कळणार

"समजलं ना?" याला उत्तर 'हो' असंच येतं. त्याऐवजी ओझं आपल्याकडे घ्यावं: "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर घरच्यांना हे कसं सांगाल?" ही परत-सांगा पद्धत. एका वेळी दोन-तीन मुद्देच सांगावेत, ते परत ऐकावेत, मगच पुढे जावं. चुकलं तर तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणू नये, शब्द बदलावेत किंवा चित्र काढावं. दोनदा बदलूनही जमलं नाही, तर त्या दिवशी एवढंच पुरे. घरातलं कुणी सोबत घेऊन येता येईल का, ते विचारावं.

शेवटी माणूस डॉक्टरांकडे परत जाणार असतो, आणि तिथे त्याच्या हातात थोडीच मिनिटं असतात. म्हणून ग्रंथालयातून निघताना त्याच्याकडे प्रश्न लिहिलेली चिठ्ठी असावी. 'आस्क मी थ्री' या उपक्रमातले तीन प्रश्न चांगला पाया आहेत: मला मुख्य त्रास कशाचा आहे? मी काय करायचं? ते करणं माझ्यासाठी महत्त्वाचं का आहे? त्याखाली वाचनातून निघालेला एखादा नेमका प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहावा. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वर, कारण खालचे राहून जातात.

निदान करणं, रिपोर्टचा अर्थ लावणं, अमुक डॉक्टर किंवा तमुक औषध बरं म्हणणं, हे ग्रंथपालाने करू नये. माणूस आशेने विचारतो, "तुम्ही माझ्या जागी असता तर?" तेव्हा नुसतं "सांगता येणार नाही" म्हणून विषय तोडू नये. "यातलं तुमच्यासाठी काय योग्य ते तुमचे डॉक्टर सांगतील, त्यांना काय विचारायचं ते आपण मिळून लिहू" असं म्हणावं. सीमाही पाळली जाते आणि माणूस रिकाम्या हाताने जात नाही.

डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरणारे ग्रंथपालही असतात. ही पद्धत १९७१ मध्ये गर्ट्रूड लॅम्ब यांनी मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात सुरू केली. रुग्णाच्या बाजूने याचा मोठा फायदा डिस्चार्जच्या वेळी होतो. कोणत्या गोळ्या नव्या, कोणत्या बंद, कोणत्या तशाच, आणि काय झालं तर कुठे फोन करायचा, हा कागद ग्रंथपालाने परिचारिका आणि औषधनिर्मात्यासोबत बसून सोपा करून दिला, तर घरी जुनी आणि नवी गोळी दोन्ही सुरू राहण्याचा धोका कमी होतो. वैद्यकीय अचूकतेची सही मात्र डॉक्टरांचीच हवी.

गोपनीयतेत ढिलाई नको. संगणकाचा पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही असा वळवावा, उठताना ब्राउझरचा इतिहास पुसावा, छापलेले कागद यंत्रावर पडू देऊ नयेत, नाव आणि आजार एकाच वहीत लिहू नयेत. किती लोक आले हे मोजायचं असेल तर फक्त विषय आणि तारीख पुरते. सकाळी पत्नी एचआयव्हीविषयी विचारून गेली आणि संध्याकाळी नवरा "ती इथे आली होती का?" असं विचारायला आला, तर आमच्याकडे कोण येतं हे आम्ही कुणालाच सांगत नाही, एवढंच उत्तर द्यावं.

सुरुवात करायला मोठी खोली लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, इंटरनेट असलेला संगणक, छपाईयंत्र आणि त्या रुग्णालयात सर्वाधिक दिसणाऱ्या दहा आजारांची तपासलेली पत्रकं पुरतात. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तपासल्याची तारीख आणि पुन्हा कधी तपासायचं ते छापावं. औषधांच्या पत्रकांना एक वर्ष, बाकीच्यांना फार तर तीन. तारीख उलटलेला गठ्ठा त्याच दिवशी रद्दीत टाकावा, कारण स्टँडवर राहिलेलं जुनं पत्रक कुणी ना कुणी घरी नेतंच.